दळण आणि पाच पर्याय

रविवारची सकाळ होती. गव्हाचा डबा एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि कन्येने हाक मारली. "बाबा, दोन मिनिटं बसतोस? मी प्रश्न सोडवते, तू फक्त घड्याळ बघ." तो बाहेरचा पाय मी आत घेतला नसता, तर पुढच्या तीन आठवड्यांचा अनर्थ टळला असता. (या वाक्यात एक तर्कदोष आहे. तीन आठवड्यांपूर्वी तो मला दिसला नसता, म्हणून तेव्हा मी सुखात होतो. या वाक्यातही एक आहे.)

कन्या नोकरी सांभाळून जीमॅट नावाच्या परीक्षेची तयारी करते आहे. परदेशात जाऊन व्यवस्थापन शिकायचं, तर बऱ्याच ठिकाणी ही परीक्षा लागते. परीक्षा १९५४ साली सुरू झाली, म्हणजे ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिच्याशी मी अदबीनेच वागायला हवं होतं. तिच्यातल्या भाषेच्या भागात २३ प्रश्न असतात आणि ४५ मिनिटं. काही प्रश्न उतारे वाचून सोडवायचे, बाकीचे 'क्रिटिकल रीझनिंग'चे. या दुसऱ्या प्रकारात कोणीतरी एक माणूस चार ओळींत काहीतरी ठासून सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात खोट कुठे आहे ते आपण पाच पर्यायांतून शोधायचं.

खोट हा शब्द ऐकला आणि मी डबा खाली ठेवला. माझी चौतीस वर्षांची नोकरी विमा कंपनीत झाली, त्यातली अठ्ठावीस दाव्यांच्या खात्यात. लोकांच्या बोलण्यात खोट काढण्याचाच मला पगार होता. म्हैस वीज पडून मेली म्हणणाऱ्याला त्या दिवशी पाऊस नेमका कुठल्या शिवारात पडत होता हे विचारणारा माणूस मी. माझ्या टेबलासमोरून विधवासुद्धा डोळे पुसत नाही, तर कागद पुसत जायच्या, अशी माझी ख्याती होती.

"घड्याळ कसलं बघायचं? प्रश्नच दे इकडे," मी म्हणालो.

प्रश्न असा होता. एका शहराने गेल्या वर्षी रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळी मार्गिका आखली. त्यानंतरच्या वर्षभरात सायकलस्वारांच्या अपघातांची संख्या दुप्पट झाली. यावरून मार्गिकेमुळे त्या शहरात सायकल चालवणं जास्त धोक्याचं झालं, हे सिद्ध होतं. या म्हणण्यातली खोट कोणती?

मी दहा सेकंदांत उत्तर दिलं. "कंत्राटदाराने पैसे खाल्ले."

"बाबा, पर्याय वाच."

"पर्याय कशाला? मार्गिका म्हणे! नुसता पांढरा पट्टा ओढला असणार. पहिल्या पावसात गेला."

"पर्यायांत कंत्राटदार नाहीये."

"म्हणजे त्याला वाचवलाय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, कणीक मळता मळता, बायकोचा आवाज आला. "अगं, सायकलीच वाढल्या असतील की. वेगळी वाट मिळाली म्हणून लोकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या असतील."

"तुला परीक्षेतलं काय कळतं?" मी म्हणालो. कन्या पुस्तकाच्या मागचं पान उघडून बसली होती. ती म्हणाली, "आईचं बरोबर आहे." अपघात दुप्पट झाले, पण सायकली चौपट झाल्या असतील तर एकेका सायकलवाल्याचा धोका निम्म्यावर आला. संख्या वाढली म्हणजे प्रमाण वाढलं असं नाही. प्रश्न एवढाच होता, आणि तो आमच्या घरात परातीपाशी सुटला होता.

यावर कुठल्याही समंजस माणसाने डबा उचलून गिरणीत जायला हवं होतं. मी म्हणालो, "आणखी एक दे."

वीस प्रश्न सोडवले. चार बरोबर आले. मला जरा बरं वाटलं, शून्यापेक्षा चार बरे. पण कन्येने शांतपणे सांगितलं की पाचांतून एक निवडायचा असेल तर डोळे मिटून खुणा केल्या तरी विसात सरासरी चार बरोबर येतात. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाची किंमत शून्य, हे निरोपसमारंभात कंपनीनेही इतकं सरळ सांगितलं नव्हतं. तिथे निदान शाल दिली होती.

माझी अडचण काय झाली तीही कन्येनेच शोधली. या प्रश्नांत चार ओळींतली माहिती खरी धरून चालायची असते. अपघात दुप्पट झाले म्हटलं की झाले. वाद घालायचा तो फक्त त्या माहितीवरून काढलेल्या निष्कर्षाशी. माझा सगळा जन्म याच्या उलट गेलेला. मी निष्कर्षाशी कधी भांडलोच नाही. म्हैस मेली तर पैसे मिळतात, हे मला मान्य होतं. माझं म्हणणं एवढंच, की म्हैस मेलीच कशावरून?

"इथे म्हैस मेलेलीच आहे, बाबा," कन्या म्हणाली. "तू तिला पुन्हा पुन्हा जिवंत करू नकोस."

मग तिने मला रीत शिकवली. आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा. उताऱ्यात पहिल्यांदा निष्कर्ष पकडायचा. तो शेवटी असतो असा भ्रम आहे, कधी पहिल्याच ओळीत साळसूदपणे बसलेला असतो. मग त्याचा आधार शोधायचा. आणि पर्यायांकडे नजर जाण्याआधी दोन्हींच्या मध्ये बोट ठेवून स्वतःला विचारायचं, 'तर मग असं कशावरून?' आधार आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक फट असते, खोट त्या फटीत राहते. आपलं उत्तर आधी मनात तयार ठेवलं नाही, तर पाच पर्याय पाच दुकानदारांसारखे हाका मारू लागतात आणि आपण नको ते घेऊन घरी येतो. तुळशीबागेत गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पर्याय हा तर स्वतंत्र छळ आहे. एक पर्याय असतो तो अगदी खरा असतो, फक्त विचारलेल्याशी त्याचा संबंध नसतो. आमचे एक साहेब बैठकीत असंच बोलायचे. त्यांचं एकही वाक्य खोटं नसे आणि एकही उपयोगाचं नसे. दुसऱ्या पर्यायात खरीखुरी खोट सांगितलेली असते, पण ती या माणसाने केलेलीच नसते. म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटायची. तिसरा अर्धा बरोबर असतो आणि शेवटच्या तीन शब्दांत घात करतो. चौथ्यात 'सर्व', 'नेहमी', 'कधीच', 'फक्त' असे शब्द असतात. "असे टोकाचे शब्द दिसले की सावध," कन्या म्हणाली. "बहुतेक वेळा तो पर्याय चुकीचा निघतो."

हे ज्ञान मला गुरुवारी मिळालं आणि मी ते गुरुवारीच वापरलं. बायको म्हणाली, "तुम्ही माझं कधीच ऐकत नाही." मी म्हणालो, "'कधीच' आहे. हा पर्याय बाद."

आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करतो. त्याच्या पूर्वपरीक्षेतही २०११ पासून तर्काचा एक पेपर आहे. २०० गुणांचे ८० प्रश्न. उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात, कोरं सोडलं तर काही कापत नाहीत. हे त्याने मला जिन्यात सांगितलं, तेव्हा दिल्लीतल्या आयोगाबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला. संसारात कोरं सोडलं तरी गुण कापतात. 'कधीच' बाद केल्यानंतर मी घाबरून चार तास गप्प बसलो होतो, आणि त्या चार तासांचे गुण वेगळे कापले गेले. जीमॅटच्या २०२३ पासूनच्या नव्या रूपात तर आणखी एक सवलत आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी, वेळ उरला असेल तर, तुम्हाला आपली तीन उत्तरं बदलता येतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. मला तीनसुद्धा नकोत. १९९६ सालचं 'तुझ्या आईपेक्षा माझ्या आईची आमटी...' हे एकच मागे घेता आलं तरी पुरे.

दुसऱ्या आठवड्यात रोग अंगात भिनला. वर्तमानपत्र वाचताना मी समासात पेन्सिलीने 'कशावरून?' लिहू लागलो. केशकर्तनालयात एक गृहस्थ म्हणाले, "कांदा साठ रुपये झालाय, म्हणजे शेतकऱ्यांची चांदी आहे." नाशिकमध्ये राहून, लासलगाव हाकेच्या अंतरावर असताना, हे वाक्य ऐकून घेणं पाप आहे. मी गळ्याभोवतीच्या कापडासकट वळलो आणि म्हणालो, "ग्राहकाने दिलेला भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव एकच आहे, हे तुम्ही गृहीत धरलंय. शिवाय भाव चढला तेव्हा शेतकऱ्याच्या चाळीत कांदा उरला होता, हेही." युक्तिवाद बिनतोड होता. फक्त मी वळलो त्या क्षणी वस्तरा माझ्या डाव्या कल्ल्यावर होता. पुढचे पंधरा दिवस माझे दोन कल्ले वेगवेगळ्या माणसांचे वाटत होते.

मग मिसळीचं प्रकरण. मेव्हणा आला होता. त्याला शहराबाहेरच्या एका मळ्यातल्या मिसळीला घेऊन गेलो. रांग रस्त्यापर्यंत.

"एवढी गर्दी आहे म्हणजे मिसळ भारीच असणार," मेव्हणा म्हणाला.

"गर्दी का आहे?"

"भारी आहे म्हणून."

"भारी आहे कशावरून?"

"गर्दी आहे ना भावजी!"

मी त्याला चक्राकार युक्तिवाद म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. त्याला वेळ भरपूर होता, आमचा नंबर सव्वा तासाने आला. मिसळ बरी होती. बाहेर पडताना रांगेतल्या एकाने विचारलं, "कशी आहे हो?" आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, मी म्हणालो, "जबरदस्त!" सव्वा तास उभा राहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार? आमच्यामागे रांग आणखी चार माणसांनी वाढली.

इतकं होऊनही मी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला गेलो. लिफ्ट दोन महिने सारखी बंद पडत होती, त्यावर चर्चा होती. खजिनदार उठले आणि म्हणाले, "नवा वॉचमन आल्यापासून लिफ्ट बंद पडायला लागली. त्याला काढा, लिफ्ट चालेल."

ही तर पुस्तकाच्या पहिल्या धड्यातली खोट! एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं होत नाही. यावर इंग्रजीत पानंच्या पानं लिहिलेली आहेत. आपल्याकडे एक कावळा आणि एक फांदी एवढ्यात काम भागतं. मी उभा राहिलो. "खजिनदारसाहेब, हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला..."

"कावळा कोणाला म्हणालात?" खजिनदार वर्णाने जरा सावळे आहेत. त्यांच्या सौभाग्यवती उभ्या राहिल्या. मी फांदीचं सांगायला लागलो, पण फांदीपर्यंत कोणी येऊच देईना.

वातावरण निवळावं म्हणून सेक्रेटरी म्हणाले, "हे बघा, एक तर नवी लिफ्ट घेऊ, नाहीतर सगळ्यांनी आयुष्यभर जिने चढू. बोला!" आता दोनच पर्याय आहेत असं भासवून तिसरा, म्हणजे दुरुस्ती, दडवायचा, हीही नोंदलेली खोट आहे. मराठीत तिला तयार म्हण आहे आणि ती माझ्या तोंडून निघून गेली. "हे म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!" सेक्रेटरींच्या वडिलांचं वर्षश्राद्ध आठ दिवसांपूर्वीच झालं होतं, हे मला माहीत होतं. जेवायलाही गेलो होतो.

सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, शांतता पसरली. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुम्ही तळमजल्यावर राहता. तुम्हाला लिफ्टचं काय पडलंय?"

"काका, हे माणसावर झालं. मुद्द्यावर बोला."

"मुद्दाही तळमजल्यावरच राहतो तुमचा."

टाळ्या पडल्या. त्यानंतर सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर घेतलेली पाहणी वाचून दाखवली. नव्या लिफ्टला नव्वद टक्के पाठिंबा होता. अठ्ठावीस सदनिकांपैकी दहा जणांनी उत्तर दिलं होतं, त्यातले नऊ 'हो' म्हणाले होते, आणि नवापैकी तिघे एकाच घरातले होते. मी हात वर केला. सभेने एकमताने ठरवलं की ज्यांना एवढं कळतं त्यांचीच लिफ्ट समिती नेमावी. समितीत मी एकटाच आहे. आधार आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एवढी मोठी फट मी कुठल्याच प्रश्नसंचात पाहिलेली नाही. तिच्यातून लिफ्टही गेली असती.

समिती या नात्याने मी तीन दुपारी मीटरच्या खोलीपाशी खुर्ची टाकून बसलो, आणि सत्य सापडलं. ते सांगताना आजही माझी जीभ अडखळते. सेक्रेटरींनी नव्या वॉचमनला बजावलं होतं, दुपारी जिन्यातले दिवे बंद करत जा, बिल फार येतं. तो बिचारा इमानाने रोज दुपारी एक बटण बंद करायचा. ते लिफ्टचं होतं. संध्याकाळी आठवलं की चालू करायचा.

म्हणजे खजिनदारांचा तर्क साफ चुकलेला आणि त्यांनी धरलेला माणूस नेमका बरोबर.

"असं कसं होतं?" मी हताश होऊन कन्येला विचारलं.

"होतं की. युक्तिवादात खोट असली म्हणजे निष्कर्ष खोटा असं नाही, बाबा. प्रश्नात निष्कर्ष खरा आहे का हे विचारतच नाहीत. तो त्या कारणावरून निघतो का, एवढंच विचारतात. निष्कर्ष खोटा ठरवणं ही तुझी खोट झाली."

हे दुःख मी बागेतल्या बाकावर आमच्या संस्कृतच्या सरांना सांगितलं. सर निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजून समोरच्याला पहिल्या बाकावरचा विद्यार्थी समजतात. ते म्हणाले, "घुणाक्षरन्याय! किडा लाकूड पोखरत जातो, त्यात चुकून एखादं अक्षर उमटतं. म्हणून किड्याला लिहिता येतं असं नाही." खजिनदारांना हे सांगायचा मोह मी आवरला. आधी कावळा, आता किडा. मला त्याच इमारतीत राहायचं आहे.

"तुमची ही परीक्षा १९५४ ची म्हणता?" सर पुढे म्हणाले. "ॲरिस्टॉटलने तर्कदोषांचे तेरा प्रकार सांगितले. आमच्या गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभास पाच, छल तीन, जाती चोवीस आणि निग्रहस्थानं बावीस. एकूण किती झाले?"

"चोपन्न," मी पटकन म्हणालो. निदान बेरीज तरी येते.

"चुकलात. बावीस निग्रहस्थानांतलं शेवटचं म्हणजेच हेत्वाभास. एकच गोष्ट दोनदा मोजलीत. विमा कंपनीत नेमकं काय करत होतात तुम्ही?"

निग्रहस्थान म्हणजे वादात माणूस हरला असं जाहीर करण्याची जागा. सर एकेक सांगत गेले आणि मला माझं चरित्र ऐकल्यासारखं वाटू लागलं. अप्रतिभा, म्हणजे उत्तरच न सुचणं. अर्थांतर, म्हणजे अडचणीत आलं की भलताच विषय काढणं. विक्षेप, म्हणजे मला दुसरं काम आहे असं सांगून वाद अर्ध्यावर सोडून निघून जाणं. हे शेवटचं मी रोज करतो. फक्त पूर्वी मोबाइल नसल्यामुळे लोकांना खरंखुरं काम शोधावं लागत असेल. मग छल. एका मुलाने 'नव' कांबळं पांघरलं आहे असं म्हटलं, की प्रतिवादी विचारतो, नऊ कुठे आहेत, मला तर एकच दिसतं. नव म्हणजे नवं आणि नव म्हणजे नऊ. एकाच शब्दाचे दोन अर्थ करून समोरच्याला पाडायचं. मला एकदम आमच्या घरातला 'आत्ता' आठवला. 'दळण आत्ता आणतो' यातला बायकोचा आत्ता आणि माझा आत्ता यांत सरासरी साडेतीन तासांचं अंतर असतं.

"आणि ते डोंगरावरच्या धुराचं?" मी विचारलं. कॉलेजात कधीतरी ऐकलं होतं.

"डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, दाखला स्वयंपाकघराचा."

"आमच्याकडे इंडक्शन शेगडी आहे, सर."

सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तेविसावं निग्रहस्थान म्हणून नोंदवायला हरकत नाही. "तेही प्राचीनांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नी असला की धूर असेलच असं नाही. लोखंडाचा गोळा लालबुंद तापवा. अग्नी आहे, धूर नाही. म्हणून धूर दिसत नाही, तेव्हा अग्नी नाही, असं कधी म्हणू नये. हात लावणारा भाजतो. लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. तीन दिवस.

गेल्या रविवारी सकाळी बायकोने दाराशी डबा ठेवला आणि म्हणाली, "दळण आणलंत तर संध्याकाळी पोळ्या होतील." मी कन्येचं पुस्तक घेऊन बसलो होतो. त्या दिवशी प्रकरण होतं पुरेशी अट आणि आवश्यक अट. हे प्रकरण अवघड आहे. 'पाऊस पडला तर रस्ता ओला होईल' याचा अर्थ 'पाऊस पडला नाही तर रस्ता ओला होणार नाही' असा होत नाही, टँकर फुटू शकतो. कन्या पाच वर्षांची असताना मी तिला म्हणालो होतो, "वरणभात संपवलास तर खाली खेळायला सोडीन." ती न संपवता खाली गेली, आणि मी रागावलो. आज कळलं की न संपवल्यास सोडणार नाही, असं मी म्हणालोच नव्हतो. मुलगी तेव्हापासूनच तयारी करत होती.

साडेबारा वाजले. आमची गिरणी रविवारी दुपारी बंद होते. बायको बाहेर आली, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता आणतो म्हणाला होतात."

"आणणारच होतो. पण मला सांग, तू सकाळी काय म्हणालीस? दळण आणलंत तर पोळ्या होतील. बरोबर? दळण आणलं नाही तर होणार नाहीत, असं तू म्हटलंस का? नाही. ते मी ऐकलं असतं तर ती माझी खोट झाली असती. पहिल्यावरून दुसरं निघत नाही."

"बरं," बायको म्हणाली.

एवढंच. नुसतं 'बरं'. आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही, माहेरचं कोणी मधे आलं नाही. मी कान देऊन ऐकलं. स्वयंपाकघरातून ती चक्क एक जुनं गाणं गुणगुणत होती. कुठे धुराची रेघसुद्धा नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा घरात तर्काचा विजय झाला होता. मी निर्धास्त आडवा झालो आणि पाचपर्यंत झोपलो.

रात्री ताटं मांडली. वाफाळत्या पोळ्यांचा वास आला. कन्येच्या ताटात तीन, तूप सोडलेल्या. बायकोच्या ताटात दोन.

"बघ!" मी आनंदाने ओरडलोच. "दळण न आणता पोळ्या झाल्या! मी काय म्हणत होतो?"

"अगदी बरोबर म्हणत होतात," बायको म्हणाली. "समोरच्या वहिनींकडून दोन वाट्या पीठ आणलं. दळण आणलं नाही तर पोळ्या होणार नाहीत, असं मी म्हटलंच नव्हतं."

"मग माझ्या ताटात?"

"तुम्हाला वाढीन असं तरी कुठे म्हटलं होतं?"

कन्येने पहिला घास घेतला आणि हळूच म्हणाली, "बाबा, फट."

मी ताटाकडे पाहिलं. पर्याय पाच नव्हते. एकच होता, आणि तो सकाळचा भात होता.